दुसरा ब्रेक

"दाबलात! बाई, तुम्हीच दाबलात!"

"माझा पाय जागचा हलला नाही."

"मग काय भुतानं दाबला?"

"तू दाबलास, वेळेवर दाबलास. आता गिअर टाक आणि नीघ. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरच झोपलाय."

उभ्या बसच्या आडून एक आजोबा पिशवी सांभाळत थेट रस्त्यात आले होते. गाडी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. आजोबांनी 'शिकाऊ' पाटी वाचली, "शिका, शिका," असा आशीर्वाद दिला आणि सावकाश पलीकडे गेले. गाडीत मात्र मायलेकींची जुंपली.

हो, मायलेकीच. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत नातं चालत नाही, हा आईचा नियम. दार लागलं की 'बाई' आणि 'तुम्ही'. लेक तो नियम पाळायची, भांडताना तर जरा जास्तच मन लावून.

"बाई, तुम्ही खोटं बोलताय."

"समोर बघ."

शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणारीच्या पायाशी, दुसरा बाईंच्या. दोन्ही आतून जोडलेले. एक दाबला की दुसराही खाली जातो. म्हणून दोघींचे पाय पेडलवर असले, की कुणी दाबला ते कळायला मार्ग नाही.

बाईंचं निम्मं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं होतं. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला लोंबकळून रडणाऱ्या कितीतरी जणींना त्यांनी रस्त्यावर आणलं होतं, चांगल्या अर्थाने. "आधी बघ, मग ठरव, मग पाय," हे सगळ्यांना शिकवायच्या. त्यांचं स्वतःचं मात्र उलटं. आधी पाय जायचा, कशासाठी ते मागून कळायचं. टीव्हीवर गाडी वळली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या उजवा पाय फरशी दाबायचा. नवरा म्हणायचा, "अगं, तिथेही एक ब्रेक बसवून घेऊ या. फरशी तरी वाचेल."

त्या पायावर त्यांचा विश्वास होता. तो कधी उमजून जातो आणि कधी घाबरून, हेही त्यांना ओळखता यायचं. उमजून गेलेला पाय हलका असतो. घाबरून गेलेल्याची पोटरी दगड होते. लेक शेजारी बसायला लागली आणि ती खूणच गेली. आज तर सकाळी चप्पल घालतानाच पोटरी आवळली होती.

कारण आज परीक्षा होती. तिसऱ्यांदा. आधी दोन्ही वेळा परीक्षक साहेबांनी लेकीला एकाच कारणाने नापास केलं होतं: ऐन वेळी थबकते, दुसरं कुणीतरी दाबेल म्हणून वाट बघते. औषधं घरपोच करायची नोकरी मिळाली होती, पण ती माणसं लायसन्ससाठी आणखी थांबायला तयार नव्हती.

परीक्षेच्या मैदानात, चुन्याच्या रेघेशी लेकीने गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला.

"बाई, सरळ गोष्ट आहे. मी दाबला असेल तर परीक्षेला बसते. तुम्ही दाबला असेल तर आत्ता घरी जाऊ. लायसन्स मिळालं की ती सीट रिकामी असणार आहे. मग पुढच्या आजोबांचं काय?"

"सांगितलं ना एकदा. तूच दाबलास."

"हो, सांगितलंत. विचारायच्या आत!"

बाईंनी आठवून पाहिलं. बस आठवली, पिशवी आठवली, लेकीची ताठ झालेली हनुवटी आठवली. पाय काही आठवेना. ते 'तूच'सुद्धा तसंच निसटलं होतं, पायासारखं, डोक्याला न विचारता. आता पुन्हा 'तूच' म्हणावं, तर लेक त्यांच्याच शब्दावर टेकून गाडी चालवणार. 'मी' म्हणावं, तर नोकरी गेली, आणि कदाचित तेही खोटंच. 'माहीत नाही' म्हणावं, तर पोरीचे हात इथेच लटपटायला लागतील. खाली पाहिलं तर गाडी उभी असूनही उजवा पाय पेडलवर होता, पार तळाशी.

काखेत फाईल मारून साहेब येताना दिसले.

"आई," लेक म्हणाली. गाडीत पहिल्यांदाच. आवाज एवढासा झाला होता. "खरं सांग ना. कुणाचा पाय होता?"

'गाडीत बाई म्हण' अगदी ओठावर आलं होतं. ते बाईंनी गिळलं. गुडघा हाताने धरून पाय पेडलवरून उचलला, हळूहळू, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. पट्टा काढला. दार उघडलं आणि साहेबांना जागा करून दिली.

"आई! सांग तरी!"

बाई फाटकाकडे चालू लागल्या. मागे इंजिन सुरू झालं. उजवी चप्पल दर पावलाला जरा जोरातच दाबली जात होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.