अंगठ्याचं माप

सुलेखाच्या तोंडी लागायला मॉलचे वॉचमनसुद्धा धजत नसत. बोलिंगच्या काउंटरवर ती गिऱ्हाइकांना भाड्याचे बूट द्यायची, परत आले की त्यांत फवारा मारायची. चार वर्षं लोकांच्या मोज्यांचा वास घेऊन माणसांविषयी तिचं मत काही चांगलं उरलं नव्हतं. पण सकाळी दार उघडण्याआधी मशीन तपासायच्या निमित्तानं ती स्वतः बॉल सोडायची आणि गुळगुळीत लाकडी पट्टीच्या टोकाला उभे असलेले दहाच्या दहा खुंटे आडवे व्हायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं होतं, की आपल्याला एक गोष्ट झकास येते.

तिनं पुण्यातल्या स्पर्धेत नाव दिलं. अट एकच, बॉल स्वतःचा हवा. नवा घ्यायचा तर बारा हजार, आणि हिच्या डब्यात पाच. तेव्हा दर रविवारी खेळायला येणाऱ्या अश्लेषा मॅडम देवासारख्या धावून आल्या. "माझा जुना घेऊन जा, पाचला देते." सुलेखा हरखली. काउंटरवरच्या बॉलांची भोकं ढगळ असतात, कुणाचीही बोटं जातात; तिला वाटलं सगळेच बॉल तसे. घरी आणल्यावर कळलं, की स्वतःच्या बॉलला भोकं मालकाच्या हाताच्या मापानं पाडतात. सुलेखाचा अंगठा नखापाशीच अडकला.

पुढच्या रविवारी तिनं मॅडमना गाठलं.

"मॅडम, अंगठा जात नाय. परत घ्या."

"विकलेली वस्तू परत कशी घेऊ? तुझा अंगठा जाड, यात माझा काय दोष?"

"तुम्हाला माहीत व्हतं."

"अगं, मला वाटलं तू शोभेला घेतेयस."

शोभेला! सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पर्धा चार दिवसांवर आली होती.

तिचा नवरा साहेबराव वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. बॉल घरात आला त्या दिवशीच तो म्हणाला होता, "दगडच पाहिजे व्हता तर दौलताबादच्या डोंगरात फुकट पडलेत की." तेव्हापासून दोघांत अबोला. त्याच्यापुढं पदर पसरण्यापेक्षा विहीर जवळ करावी असं तिला वाटलं. तरी सोमवारी बॉल पोत्यात घालून ती वर्कशॉपात जाऊन उभी राहिली.

"भोक मोठं करून द्या."

"कामाच्या टायमाला? मालक बघंल."

"मग मालकालाच सांगते."

ती सांगेल, हे साहेबराव पक्कं ओळखून होता. त्यानं बॉल ड्रिल मशीनखाली ठेवला, पण तो गरगरीत गोळा ठरेना. दोनदा निसटला, दुसऱ्यांदा त्याच्या पायावर येता येता राहिला.

"असला गोळा धरता येतो व्हय? ने घरी!"

सुलेखानं पुसायच्या चिंध्या ओढल्या, पीळ देऊन चुंबळ वळली आणि बॉल तिच्यावर दाबून बसवला. "भरला हंडा बसतोय, हे नाय बसायचं? एवढं बी सुचंना?"

साहेबरावनं बॉल ढकलून बघितला. तो हलला नाही.

"हात दे," तो गुरगुरला. खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढून त्यानं तिच्या अंगठ्याचं माप घेतलं. बुडाशी, मध्ये, सांध्यावर. आकडे खडूनं मशीनवर लिहिले.

"सांधा लई जाड हाय तुझा."

"चोवीस वर्सं भाकरी कोण थापतंय?"

"बोलू नको. माप चुकतंय."

मग थोडं कापायचं, तिचा अंगठा घालून बघायचा, पुन्हा थोडं कापायचं, असं चाललं. शेवटी अंगठा मुळापर्यंत गेला आणि न ओढता सुटला. सुलेखानं बॉल उचलला. साडेपाच किलोचं ते धूड हातात असं बसलं, की तिनं ते दोनदा मागंपुढं झुलवून बघितलं.

मग राग आला. लग्नातली जोडवी सासूच्या अंदाजानं आली, ती आठवडाभर टोचली. चपला बाजारातून आणून पुढ्यात टाकल्या. शिंपीसुद्धा माप घ्यायचा ते जुन्या ब्लाउजावरून. आणि हा माणूस चोवीस वर्षं खिशात व्हर्नियर घालून रोज संध्याकाळी घरी येत होता.

साहेबराव हात पुसत म्हणाला, "पुण्याला येऊ का संगं?"

"आता व्हय?" सुलेखा म्हणाली. तिनं बॉल पोत्यात घातला आणि ती एकटीच फाटकाबाहेर पडली.