मोहरीची कटोरी

बंगळूरच्या बनशंकरीत ब्लाउज शिवणाऱ्या सगुणाबाईंना तिथल्या बायकांची मापं तोंडपाठ. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला कटोरीत गुपचूप जास्तीचं अस्तर हवं, सगळं. पण चौऱ्याण्णव साली त्यांचा डावा स्तन काढावा लागला आणि स्वतःच्या अंगाला काय घालावं हेच त्यांना कळेना.

नातेवाइकांत गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. खरं ठाऊक फक्त नवऱ्याला, व्यंकोजींना, आणि लेकीला. रक्षिताचं लग्न ठरलं होतं. आईला असला आजार म्हटल्यावर मुलीला कोण करून घेतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या ब्रा घ्यायला गेल्या, तर दुकानात काउंटरवरच्या पुरुषानं "साइझ एष्टु, अक्का?" म्हणत थेट छातीकडे पाहिलं आणि उत्तराआधीच खोकं काढलं. मेल्याची नजर की टेप! घरी घातली तर डावी बाजू रिकामी, चेपलेली. कापूस भरला, तो हलका. ब्रा त्या बाजूनं वर चढायची. शेवटी त्यांनी स्वतःच शिवायला घेतली. कटोरीच्या आत पिशवी, पिशवीत चमच्याचमच्यानं मोहरी, उजव्या बाजूइतका भार येईपर्यंत. डाव्या हाताला ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण साखरपुडा तोंडावर आलेला. शिवून उसवून, उसवून शिवून एकदाची ती अंगावर बसली. पदर सरळ पडलेला पाहून सगुणाबाई आरशासमोर रडल्या.

साखरपुड्याला विहीणबाई कल्पनाताईंनी कडकडून मिठी मारली. काही कळलं नाही. मग बांगडीवाला मल्लाप्पा बसला. नवरीचा चुडा भरून झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आता आईलाही भरा."

उजव्या हातात बांगड्या सरसर चढल्या. डाव्या हातात त्याच मापाची एकही जाईना. शिवणानं हात टम्म सुजला होता.

"स्वल्प सैल सोडा, अक्का," मल्लाप्पा म्हणाला आणि बांगडी फुटली.

विहीणबाईंचा चेहराच उतरला. "माझ्या जावेचा हात असाच सुजायचा," त्या हळू म्हणाल्या. "छातीचं ऑपरेशन झाल्यावर." ती जाऊ वर्षभरात गेली होती.

दोनच दिवसांत निरोप आला: पत्रिका पुन्हा पाहिली, जमत नाही.

सगुणाबाईंनी ब्रा काढून खुंटीला अडकवली. फिटिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. वळून पाहतात तर पडद्याआड रक्षिता स्वतःची छाती चाचपत होती. त्यांनी पडदा बाजूला सारला.

"काही लागतंय का गं?"

"नाही," रक्षिता म्हणाली. "रोज बघते, आई."