सतरा कोण म्हणालं?

दादरच्या निवांत या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सहलीत माणसं कोणी मोजत नाही. माणसंच आपापला आकडा म्हणतात. आकडा कायमचा ठरलेला. बस सुटण्याआधी चिटणीस कमलाकांतराव दारात उभे राहून ‘एक’ म्हणायचे, मागून दोन, तीन करत एकतीसपर्यंत गेलं की ड्रायव्हर गाडी काढायचा. सुमती विजयकर यांचा आकडा सतरा.

गेल्या सप्टेंबरात वज्रेश्वरीला सुमतीबाई स्वच्छतागृहातून बाहेर आल्या, तर बस गेलेली. फोन पर्समध्ये आणि पर्स सीटवर. प्रसादाच्या दुकानासमोरच्या बाकावर त्या दोन तास चाळीस मिनिटं बसून राहिल्या. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या गंगुबाई मागे भेंड्या खेळत होत्या. त्या जागेवर परतल्या तेव्हा घोडबंदर आलं होतं आणि खिडकीची जागा रिकामी. बस परत फिरली. कमलाकांतराव खाली उतरून सगळ्यांच्या देखत म्हणाले, “कुठे भरकटलात, सुमतीताई? आकडा तर म्हणालात तुम्ही.”

त्या म्हणाल्या नव्हत्या. पण ‘सतरा’ सगळ्यांनी ऐकलं होतं. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीपर्यंत गोष्ट अशी झाली, की सुमतीताई आकडा म्हणून पुन्हा खाली उतरल्या आणि विसरल्या. वय झालं, चालायचंच. नियम निघाला: पंचाहत्तरीच्या पुढच्यांनी घरचं कोणीतरी सोबत आणायचं, नाहीतर सहलीला यायचं नाही. सुमतीबाई शहात्तर. कमलाकांतराव अठ्ठ्याहत्तर, पण चिटणीस म्हणून नियमातून वगळलेले. मुलगा ध्रुव म्हणाला, आई, आता पुरे झाल्या सहली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं बँक, दवाखाना, वीज, पाणी सगळं एकटीने बघणाऱ्या बाईला तो रस्ता ओलांडताना कोपराला धरू लागला.

सुमतीबाई कोणाशीही वाद घालायला गेल्या नाहीत. गिरगावातल्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी त्यांना बाराव्या वर्षी डायरी लिहायला शिकवलं होतं: वर घडलेलं लिहायचं, मग रेघ मारायची, आपलं मत रेघेखाली. तीन महिने त्या एकेकाला फोन करत राहिल्या. गुडघ्याची चौकशी, नातवंडांची चौकशी आणि मग सहज, त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात, माझा आवाज कुठून आला. डायरीत त्यांनी बस काढली, खिडक्यांसकट. चौघांनी सांगितलं, आवाज पुढून आला. पुढे दारात उभा होता एकच माणूस. त्या संध्याकाळी भारताची मॅच होती आणि तो सकाळपासून घड्याळ बघत होता. रेघेखाली सुमतीबाईंनी एकच शब्द लिहिला: नीच.

मग त्यांनी हसत हसत नियम मान्य केला आणि पुढच्या सहलीत आकडे घेण्याचं काम मागून घेतलं. कमलाकांतराव म्हणाले, “द्या त्यांना. तेवढाच मेंदूला व्यायाम.” सगळे हसले. सुमतीबाईही हसल्या, आणि घरी जाऊन ते वाक्य वेळेसकट लिहून ठेवलं.

जानेवारीत कर्जतच्या एका शेतघरी सहल गेली. सुनेला, अनुजाला, रजा टाकून सोबत यावं लागलं. परतताना रस्त्याकडेला वालाच्या शेंगांची हातगाडी दिसली, तशी बस थांबली. कमलाकांतरावांची ही सवय सुमतीबाईंना पाठ होती. शेवटच्या थांब्यावर ते असा भाव करत, जणू शेतच विकत घ्यायचंय. फोन त्यांनी सीटजवळ चार्जिंगला लावलेला.

बाकीचे चढले. सुमतीबाई दारात उभ्या राहिल्या. हातगाडीमागे कमलाकांतरावांची पांढरी टोपी हलताना दिसत होती.

“एक,” त्या म्हणाल्या. वर्गात हजेरी द्यावी तशा, स्वच्छ.

खिडकीतल्या दहाजणांना ती टोपी दिसत होती. मग आयुष्य लालबागच्या गिरणीत घालवलेल्या गंगुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “दोन.” मागून कोणीतरी तीन म्हणालं. सतरा सुमतीबाईंनी जरा चढ्या आवाजात म्हटलं. एकतीस झाले, गाडी निघाली.

“आई, काका राहिले,” अनुजा म्हणाली.

“नाही गं. आकडा झालाय त्यांचा.”

सातव्या मिनिटाला कमलाकांतरावांचा चार्जिंगला लावलेला फोन वाजला. सुमतीबाईंनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

“अहो, गाडी थांबवा. मी इथे उभा आहे, शेंगवाल्याच्या फोनवरून बोलतोय.”

“कोण बोलतंय?”

“कमलाकांत.”

“ते तर गाडीत आहेत. एक म्हणालेत, सगळ्यांनी ऐकलंय. तुम्ही कुठे भरकटलात?”

“सोबत घरच्या कोणाक हाडूक नाय काय ओ?” गंगुबाईंनी मागून विचारलं. बस हसली.

सुमतीबाई हसल्या नाहीत. “वज्रेश्वरीला सतरा कोण म्हणालं होतं?”

“ते आता कशाला काढता?”

“मग ठेवते.”

“मी. मी म्हणालो. मॅच होती हो.”

“जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू नाही आलं.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. अनुजाने मोबाइलमधून मान वर काढली आणि सासूकडे बघत राहिली. मग तिने ध्रुवला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्या चहाच्या हॉटेलावर बस थांबली. कमलाकांतराव रिक्षातून उतरले ते शेंगांची पिशवी छातीशी धरून. चहा निवायच्या आत नियम रद्द झाला. त्यांनाही हात वर करावा लागला. कोणीतरी म्हणालं, झालं गेलं, आता सोडून द्या. सुमतीबाईंनी चहाचा पेला स्वतः त्यांच्या हातात दिला आणि साखर चालते ना, विचारलं. कमलाकांतरावांना वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाईंनी डायरी उघडली. वर लिहिलं: कमलाकांतराव रस्त्यावर एकूण पस्तीस मिनिटं. मार्चची सहल ठरली, हरिहरेश्वर. मी एकटी जाणार. आकडे मीच घेणार.

मग पट्टी घेऊन रेघ मारली आणि खाली लिहिलं: दोन तास पाच मिनिटं अजून राहिलीत.