लॉक काढणारे पोपटभाऊ

पोपटभाऊंबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आणि त्यांना सगळ्यात वाकडं बोलले ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला बरं.

गुजरातेत लिंबायतला आमचं दोघांत मिळून एक दुकान. दाराशी माझं झेरॉक्स मशीन, आत त्यांचं टेबल आणि कॉम्प्युटर. भाऊ अमळनेरकडचे. एका मिलमध्ये टाईमकीपर होते, मिल बंद पडल्यावर चाळिशीत टायपिंग शिकले. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत अर्ज, जबाब, नोटिसा करून देतात. प्रिंट माझ्या मशीनवर निघते, म्हणून त्यांचा फाईलींचा फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवरही दिसतो.

पण नाव झालं ते लॉकमुळे. सोसायटीचा सेक्रेटरी भांडून निघून जातो आणि ठरावाच्या फाईलला लॉक लावून ठेवतो. वकील बदलला की नव्याला जुन्याची फाईल उघडत नाही. मग सगळे येतात भाऊंकडे. वर्डच्या फाईलचं लॉक दोन जातींचं, असं ते सांगायचे. एकात फाईल उघडते, वाचता येते, फक्त अक्षर बदलता येत नाही. ते काढायला त्यांना चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागत नसे. दुसरं लॉक फाईलच उघडू देत नाही. तिथं त्यांचं एक सॉफ्टवेअर होतं, ते एकेक पासवर्ड घालून बघत बसायचं. नुसते चार आकडे असले तर तासाभरात काम फत्ते. अक्षरं असली तर भाऊ सरळ हात जोडायचे.

कामगारांच्या प्रत्येक जबाबाला ते स्वतःहून लॉक लावायचे. म्हणजे लावायचं गिऱ्हाईकानं, आणि तो आकडे दाबेपर्यंत भाऊ उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मिलवाल्यांच्या नोटिसा तेच टाईप करायचे आणि मिलविरुद्धचे अर्जही तेच. दोन्हीकडच्यांनी विश्वास ठेवायला हवा ना!

मी हसायचे. "अहो, नंतर तुम्हीच काढता ना ते लॉक? मग भिंत कसली बघता?"

"मागितल्यावर काढतो, वृषालीताई. न मागता बघत नाही."

आणि गिऱ्हाईकानं सांगितलेला मजकूर टेबलाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मला तर कधी एक ओळसुद्धा कळली नाही. आमच्यासारख्या चौकस बाईला हे किती जड जात असेल, विचार करा.

मागच्या वर्षी पांडेसराच्या एका डाईंग मिलमध्ये नरेंद्र नावाचा कामगार गेला. कपडा रंगवायचं मशीन धुवायला आत उतरला होता, कोणीतरी वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. मिलवाले म्हणाले, त्याच्या सोबतच्या दगानं उघडला. दगा म्हणाला, सुपरवायझरनं. दगा आणि नरेंद्र एकाच गावचे, एकाच गल्लीत समोरासमोर राहणारे. दगाची बायको सरलाबाई आणि नरेंद्रची सीता एकाच खाटेवर पापड वाळत घालायच्या.

आठव्या दिवशी दगा दुकानात आला. पोलिसांना द्यायचा जबाब करायचा होता. माझं मशीन चालू होतं, तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. तासभर बसला होता. बिचाऱ्याला अक्षरं कुठली सापडायला, चार आकडे दाबून लॉक लावलं. "प्रिंट सोमवारी नेतो, मग मीच चौकीत जातो," म्हणाला. शनिवारी पहाटे छातीत कळ आली आणि गेला.

गल्लीनं मग सरलाबाईला वाळीतच टाकलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, नळावर तिची घागर बाजूला. सीता तिला बघितलं की दार लावून घ्यायची. सरलाबाईला एकच आधार होता. मरायच्या आधी नवरा सांगून गेला होता, "मी सगळं खरं लिहून पोपटभाऊंकडे ठेवलंय." बाईला वाचता येत नाही, सीताला येतं. सरलाबाई गल्लीत ओरडून सांगायची, "फाईल उघडू दे, सीते, तुलाच वाचायला लावते! मग बघू खुनी कोण ते!"

दर दोन दिवसांनी ती यायची आणि दारातूनच विचारायची, "भाऊ, उघडनी का फाईल?"

"नाही हो बाई. अवघड लॉक आहे."

तीन महिने हेच. मी बघत होते, भाऊंनी ते सॉफ्टवेअर एकदाही चालू केलं नव्हतं. चार आकड्यांचं लॉक, आणि म्हणे अवघड! त्यातच तो सुपरवायझर मिलच्या नोटिसा घेऊन भाऊंकडे यायचा, चहा पिऊन जायचा. माझ्या डोक्यात काय शिरायचं ते शिरलं.

एक दिवस मी तोंड सोडलं. "मिलवाल्यांचं मीठ खाल्लंत म्हणून त्या बाईला झुलवताय! लाज वाटत नाही? विधवेचे तळतळाट लागतील!"

भाऊ चष्मा पुसत राहिले. "ताई, ते काम राहू द्या," एवढंच म्हणाले. त्यांनी उलट शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प बसले, तशी माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले आणि सरलाबाई आली. मी ती फाईल पेन ड्राईव्हवर घेतली आणि तिच्या हातात ठेवली. "कतारगामच्या कॉम्प्युटरवाल्या ललितकडे जा. चार आकडे आहेत म्हणून सांग, लगेच काढून देईल." बाईनं माझे हात हातात घेतले. मला केवढी धन्यता वाटली म्हणून सांगू!

दोन दिवसांनी दुपारी ती आली. दारातून विचारलं नाही, आत येऊन स्टुलावर बसली. भाऊ टाईप करायचे थांबले.

"भाऊ, तुमले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"हो."

ती सांगायला लागली ते कोणाला सांगत होती देव जाणे. सीता यायलाच तयार नव्हती. हिनं तिला गल्लीदेखत आव्हान दिलं, रिक्षात बसवून कतारगामला नेलं. ललितनं फाईल उघडली, प्रिंट काढली. हिनं तो कागद घेऊन सीताच्या हातात दिला आणि म्हणाली, मोठ्यानं वाच. सीतानं वाचला, त्यात दगानं लिहून दिलं होतं: व्हॉल्व्ह मी उघडला. नरेंद्र आत उतरलाय हे मला माहीत होतं, पण शिफ्ट सुटायच्या घाईत विसरलो. उघडायच्या आधी हाक मारायची असते, मी मारली नाही. सुपरवायझर तिथं नव्हताच, भीतीपोटी मी त्याचं नाव घेतलं. खाली दगाचं नाव. सीता एकदाही अडखळली नाही म्हणे. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवला आणि एकटीच बाहेर पडली.

"तुम्ही मला एकटीला सांगायला हवं होतं, भाऊ," सरलाबाई म्हणाली. "मी रडले असते, घरात तोंड लपवून बसले असते. पण मी तिला हाताला धरून नेलं हो. तिच्या नवऱ्याचं मरण तिच्याच तोंडून वाचून घेतलं मी."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"फाईल मी दिली," मी म्हणाले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटका होण्यासारखं हे नव्हतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्यावर ओरडेल. नाही ओरडला.

सरलाबाईनं कनवटीचा पेन ड्राईव्ह काढून टेबलावर ठेवला. "याला परत लॉक लावता येतं का?"

"येतं."

"मग लावा. कोणालाच उघडायला नको, असं लावा."

भाऊंनी अक्षरं, आकडे, हाताला येईल ते दाबलं, कुठं लिहून ठेवलं नाही. सरलाबाईनं पेन ड्राईव्ह पदराच्या गाठीत बांधला आणि उठली. दिवेलागण व्हायला अजून वेळ होता, गल्लीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या असणार. सीताच्या दारावरूनच तिला घरी जायचं होतं.