मारिसेलच्या बाबांचं जाळं

उइटहॉर्न या डच गावातली आमची शलाका घरी ब्लाउज शिवते, आणि फाटकं काही तिच्या हातून तसंच परत जात नाही. कुणी सांगो न सांगो, ती शिवणारच. त्यावरून मी तिला कितीदा झापलंय!

झुइडओस्ट भागात राहणाऱ्या मारिसेलनं तिला फिलिपिनो मेळाव्यासाठी पोशाख शिवायला दिला. मारिसेलचा तिकडचा प्रांत मासेमारीवर जगणारा, म्हणून घागरा जाळ्याचा हवा होता, आणि जाळं तिच्या वडिलांचं होतं. शलाकानं ते तीनदा धुतलं, तरी घरात समुद्राचा वास राहिला. मधोमध माणूस जाईल एवढं भोक होतं. तिनं ते गाठी मारून बेमालूम सांधलं.

मारिसेल पोशाख घालून बघायला आली, तेव्हा मी तिथंच होते. तिचा हात त्या जागेवर थांबला.

“हे तुम्ही बुजवलंत?”

“हो. कळतसुद्धा नाही ना?” शलाका खुशीत म्हणाली.

“बाबा यात अडकून बुडाले. लोकांनी इथंच कापून त्यांना बाहेर काढलं.” मारिसेलचा आवाज अगदी बारीक झाला. “आता ते बाहेर कसे येणार?”

शलाकानं कात्री घेतली. शिवण्याआधी जाळं आठवडाभर हीटरजवळ वाळलं होतं. तरी तिनं कापलेल्या प्रत्येक गाठीतून पाणी टपकलं.