ब्रिजेट आजींची प्लेट

हसायचं तर हसा, पण माझ्या आईला कळवू नका. तिच्याच शिकवणीपायी मी तोंडावर पडले!

इंग्लंडात बेसिंगस्टोकला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याला, मंदारला नोकरी आणि मला नुसता त्याच्या जोरावरचा डिपेंडंट व्हिसा. दिवसभर घरात एकटी. अख्ख्या रस्त्यात माझ्याशी बोलायच्या त्या फक्त शेजारच्या ब्रिजेट आजी. मी आजी म्हणते, त्यांना चालतं. आयरिश बाई, अठराव्या वर्षी नर्सिंगसाठी एकट्या इथे आलेल्या. त्यांनी एकदा प्लेटभर घरचा सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी सोडा घातलेला पाव, आणून दिला.

आता शेजारणीची प्लेट रिकामी परत करायची? आपल्यात? आईने तसं शिकवलंच नाही. मी चकल्या घालून दिली. लगेच तीच प्लेट ब्रेडसकट हजर! मी शंकरपाळे दिले. पुन्हा ब्रेड. मी चिवडा दिला. पुन्हा ब्रेड! मंदार तर प्लेट दिसली की वरच्या खोलीत पळायला लागला.

मग एकदा माझं लक्ष आजींच्या बोटांकडे गेलं. संधिवाताने पार वाकडी झालेली. या वयात ही बाई माझ्यापायी पीठ मळतेय! शेवटी मन घट्ट करून मी रिकामी प्लेट त्यांच्या दारात ठेवली, बेल वाजवली आणि चक्क पळाले. पस्तिशीची घोडी मी!

त्यानंतर आजी फिरकल्याच नाहीत. बाहेर दिसल्या तरी मान खाली. माझा जीव नुसता टांगणीला. एकुलती एक मैत्रीण, तीही घालवली की काय? शेवटी न राहवून गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आजींनी मला हाताला धरून आत नेलं. "अगं, रिकामी प्लेट आमच्याकडेही परत करत नाहीत. घरचं शेत भावांना मिळालं, मला आईने ही प्लेट दिली, शेजार जोडायला. पण इथे आल्यावर पहिलं वर्षभर माझं दार कुणी वाजवलंच नाही. तू ती रिकामी ठेवून पळालीस, मला वाटलं, कंटाळलीस मला."

मला रडूच फुटलं. त्याही डोळे पुसत हसायला लागल्या. यापुढे भेटायला प्लेटचं निमित्त नको, असं आमचं ठरलं. निघताना त्यांनी ती प्लेट माझ्या हातात दिली. म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे, आता रिकामी आणलीस तरी चालेल.

आणि मी काय म्हणाले असेन?

"अहो आजी, रिकामी कशी नेऊ? थोडा ब्रेड घाला ना!"