श्यामसुंदररावांची नवी घरं

आमच्या शेजारचे श्यामसुंदरराव सरकारी पगारावर लोकांची घरं बघत हिंडायचे. चेष्टा नाही, खरोखर त्यांचं कामच ते होतं. सांख्यिकी खात्यात होते. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. शहराच्या कडेने, कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडीकडे रोज नवं बांधकाम उठत होतं. तिथे जाऊन भिंती विटांच्या की दगडाच्या, वर स्लॅब की पत्रा, खाली मोझॅक की शहाबादी, स्वयंपाकघर वेगळं आहे का, नळ घरात आलाय का, हे सगळं विचारायचं आणि त्याचे आकडे करायचे. आकडे मुंबईला जात, मुंबईहून दिल्लीला. दिल्लीहून पुढे कुठे जातात असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वर."

माणूस स्वप्नाळू. काम संपलं तरी त्यांचा पाय नव्या घरातून निघत नसे. भिंतींना ताज्या सफेदीचा वास, कोपऱ्यात सांडलेली वाळू, आणि खिडकीतून आलेलं ऊन कुणाच्याच सामानाला न अडखळता पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचलेलं. मग हे मनातल्या मनात तिथे कॉट टाकत, झोपाळा टांगत, खिडकीत तुळस ठेवत. मालक बिचारा किल्ली हातात घेऊन दाराशी ताटकळत उभा. सरकारी माणूस एवढं काय बघतोय म्हणून तोही आपल्याच भिंती न्याहाळू लागे.

संध्याकाळी घरी आले की वासंतीवहिनी चहा पुढे ठेवून विचारायच्या, "आज कुठलं घर?"

मग दोघं त्या घरात राहायला जायचे. वहिनी विचारत, "सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?" ते सांगत. "मग दिवाण तिथे नको, डोळ्यांवर येईल," म्हणून त्या दिवाण हलवत. मी उंबऱ्यात बसून भाजी निवडत ऐकायची. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याला भरदुपारी दिवा लावावा लागे, पण ऐकता ऐकता मला कोथरूडचा वारा अंगाला लागायचा. भाजी तशीच राहायची. आमच्या घरी जेवायला उशीर व्हायचा आणि बोलणी मला बसायची, ती गोष्ट वेगळी.

लोकांच्या घरात असं मजेत राहणाऱ्या वहिनी स्वतःच्या घराचं नाव काढलं की विषय बदलत. श्यामसुंदररावांनी धनकवडीच्या एका सोसायटीत नाव घातलं होतं. तिथला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक त्यांच्या वाट्याला आला. दसऱ्यापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर पुढच्या सभासदाला जाणार. आणि वहिनी नाही म्हणाल्या.

कारण त्यांनी मला सांगितलं, नवऱ्याला नाही. दोघांना मूल नव्हतं. "इथे वर-खाली कुणाचं ना कुणाचं पोर रडत असतं, हसत असतं. मला पुरतं तेवढं. तिथे दार लावलं की आम्ही दोघं आणि चार भिंती. मला भीती वाटते गं. घर ऐकत बसेल आणि आमच्याकडे ऐकवायला काही नसेल."

मी त्यांना धीराचं काही बोलायला हवं होतं. ते सोडून मी डाळ टाकायच्या निमित्ताने उठले.

श्यामसुंदररावांनी आग्रह केला नाही. "नको तर नको, पण एकदा बघून तरी येऊ," एवढंच म्हणाले. सोबतीला मला घेतलं. स्वारगेटहून पुढची बस डुलत डुलत शेतांमधून गेली आणि आम्ही उतरलो तेव्हा दुपार कलली होती. सगळीकडे भुरकट ऊन, मधेच एखादी अर्धी इमारत, आणि वाऱ्यावर कुठूनतरी करवतीचा आवाज.

सोसायटीचा राखणदार गेनबा श्यामसुंदररावांच्या ओळखीचा निघाला. तो आणि त्याची बायको बायडाबाई दुष्काळात गाव सोडून आले होते. बांधकाम सुरू असलेल्या घरात राहायचं, घर पुरं झालं की पुढच्या बांधकामावर जायचं. श्यामसुंदरराव कधी वेळेआधीच पोचले की ही दोघं बिनदाराच्या खोलीत भाकरी भाजताना दिसत. पण दारं-खिडक्या बसल्याशिवाय घर मोजायचं नाही असा खात्याचा नियम, त्यामुळे चहा पिऊन ते परत येत.

बायडाबाई किल्ली घेऊन आमच्याबरोबर वर आली. मागून तिची छोटी शालू. दार उघडलं मात्र, पोर आम्हा सगळ्यांना ओलांडून सरळ आतल्या खोलीत गेली आणि खिडकीखालच्या उन्हात पालथी पडून राहिली.

"हिला बरी वाट माहीत," वहिनी म्हणाल्या.

बायडाबाईचा चेहरा उतरला. पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, मनात आणू नगा. हितंच झाली ती. खिडकी नव्हती तवा, पोतं लावलं हुतं. तुमी वास्तुशांत करालच की, समदं शुद्ध हुईल."

आमच्या पेठेतली माणसं सोयर-सुतकाला किती जपतात ते तिलाही ठाऊक असणार. अजून राहायला न गेलेल्या घरात आधीच कुणाची तरी बाळंतीण निजलेली! श्यामसुंदररावांनी वहिनींकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

वहिनी हळूच शालूजवळ खाली बसल्या. "बारसं कुठे केलंत?"

"बारसं कुठलं बाई. स्लॅबचं काम हुतं, आमी दोगं वर घमेली देत हुतो. तिचं मामा आलं तवा शालू म्हनले, तेच पडलं."

"आणि कानात? आत्याने सांगितलं असेल ना?"

"आत्या गावाला. कुनी न्हाई सांगितलं."

वहिनींनी पोरीला उचलून मांडीवर घेतलं. ती आली, जराही कुरकुरली नाही. वहिनी तिच्या कानाशी वाकल्या आणि तिचं नाव तिला सांगितलं, अगदी हळू. शालूला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, आणि त्या रिकाम्या ब्लॉकमध्ये तिचं हसू या खोलीतून त्या खोलीत गेलं, स्वयंपाकघरातून फिरून परत आलं. वहिनी मान तशीच वाकवून ते ऐकत होत्या. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचं कारणही नव्हतं.

"बायडाबाई," वहिनी म्हणाल्या, "हे हिचं माहेर. तुम्ही पुढच्या बांधकामावर जाल तिथून हिला इथे पाठवत जायचं. सणाला तर नक्कीच."

बायडाबाईने पदराने शालूचं तोंड पुसलं.

"अहो," वहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या ऑफिसला जाण्याआधी होकार कळवून या."